जत्रेआधी टेम्पोचं काम

दिवाळी सरली की आमच्या वसईत निर्मळच्या जत्रेचे वेध लागतात. कार्तिक वद्य एकादशीला जत्रा भरते, आणि तिथून पुढचे थंडीचे महिने म्हणजे आम्हा बचत गटांचे विक्रीचे दिवस. सुकेळी, पापड, नाचणीचं पीठ, आमच्या ख्रिस्ती मैत्रिणींचा बॉटल मसाला, असं सगळं घेऊन आम्ही मेळाव्यांना जातो. विक्री चांगली होते. पंचाईत होते ती रात्री. माल टाकून घरी येता येत नाही, आणि ताडपत्रीखाली दवात झोपलं की सकाळी पापड मऊ आणि आम्ही कडक!

गटातल्या एका वहिनींच्या दारात जुना छोटा हत्ती उभा होता, मागे पत्र्याची बंद पेटी असलेला. साधारण सात फूट लांब, पाच फुटांना थोडी कमी रुंद. दोघी आरामात झोपतील, तिसरी जरा आखडून. गेल्या वर्षी ठरवलं, यातच मुक्कामाची सोय करायची.

आम्ही आधी पत्रा कापून खिडकी काढायला निघालो होतो. वेल्डिंगवाल्याशी भावही ठरला होता. पण वहिनींचा मुलगा गाडी चालवतो, तो म्हणाला, "काकू, आधी आरटीओत विचारा." बरं झालं विचारलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे, नोंदणीच्या कागदावर गाडी जशी लिहिली आहे तिच्यात आपल्या मनाने फेरफार करता येत नाही. आठ वर्षांपुढच्या मालगाडीला तर दरवर्षी फिटनेस लागतं, तेव्हा असली खिडकी लपायची नाही. राज्य सरकारने 2021 साली कॅराव्हान पर्यटनाचं धोरण आणलं, त्या फिरत्या घराच्या गाड्या आपण मोबाईलवर बघतो. पण त्या तशाच म्हणून बनवलेल्या आणि नोंदलेल्या असतात. आपला टेम्पो कागदावर माल वाहणारा आहे आणि तसाच राहायला हवा. मागे बसून प्रवासही करायचा नाही. आम्ही लोकलने, एसटीने जातो. टेम्पोत माल असतो. गाडी उभी राहिली की मगच ते आमचं घर.

म्हणून ठरलं, जे काही करायचं ते उचलून बाहेर काढता येईल असंच. सुताराकडून चार लाकडी पेट्या एकाच उंचीच्या करून घेतल्या. जाताना त्यात माल. रात्री त्या शेजारी शेजारी लावून वर प्लाय टाकला की पलंग. प्लाय पाणी सोसणारा, मरीन घ्या, साधा एका पावसाळ्यात फुगतो. वळणावर पेट्या सरकतात, त्यांना पट्ट्याने आवळून बांधा.

खरं कष्टाचं काम गंजाचं. आपल्याकडची खारी हवा पत्रा खाते. पाऊस थांबून पत्रा नीट सुकल्याशिवाय हात लावू नका. तारेच्या ब्रशने खरवडायचं, पॉलिश पेपर मारायचा, धूळ पुसायची, मग रेड ऑक्साइडचा हात, तो वाळला की ऑइल पेंट. गंजावरच रंग फासला तर दोन महिन्यांत पोपडे सुटतात. आम्हाला विचारा! ऑक्टोबरचं ऊन असं की पेटीत दुपारी उभं राहवत नाही. सकाळी दहापर्यंतच काम. ऊब राहावी म्हणून कुणी थर्माकोल लावायला सांगेल, लावू नका, भडकन पेट घेतो. आम्ही आतून नुसत्या चटया टांगल्या. उजेडाला चार्जिंगचा दिवा. एकदा गाडीच्या बॅटरीला बल्ब जोडला होता, सकाळी गाडी ढकलावी लागली.

आता ज्यासाठी आज बोलायला बसलो ते. गेल्या थंडीत जव्हारकडे एका मेळाव्याला गेलो होतो. तिथली रात्र आपल्या किनाऱ्यासारखी नाही, हाडं वाजतात. आमच्यातल्या एका मावशींनी कोळशाची शेगडी आत घेतली आणि दार ओढून घेतलं. धूर नव्हता, निखारे लाल होते. तासाभरात एकीचं डोकं ठणकायला लागलं, दुसरीला मळमळायला लागलं. आम्हाला वाटलं जेवण बाधलं. मावशी तर पेंगायलाच लागल्या. आणि दाराची कडी बाहेरून! मालगाडीच ती, आतून उघडायची सोयच नाही. दार नुसतं ओढलं होतं, म्हणून लाथ मारल्यावर उघडलं. कडी पडली असती तर आज हे सांगायला आम्ही नसतो.

बाहेर मोकळ्यावर बसल्यावर हळूहळू बरं वाटलं. दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, बंद जागेत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस झोपेतच जातो. कोळसाच असं नाही. गॅस, रॉकेलचा स्टोव्ह, लाकूड, सगळ्याचा धोका तोच, आणि इंजिन चालू ठेवून झोपलं तरी तोच. डोकं दुखणं, चक्कर, मळमळ, गुंगी एकाच वेळी दोघीतिघींना झाली तर अन्नावर ढकलू नका. आधी सगळ्यांना बाहेर काढा, मग 108 ला फोन करा. बरं वाटलं तरी डॉक्टरांना दाखवा.

मावशींना कुणी बोललं नाही. खेड्यात बाळंतिणीच्या खोलीतही आपण शेगडी ठेवतोच की. आम्हीही ठेवलेली आहे.

यंदा आमच्या कामात पहिलं काम दाराचं. मागचं दार रात्री बाजूला साखळीने बांधून उघडंच ठेवायचं, आणि त्या जागी लाकडी चौकटीला जाळी मारलेलं दुसरं दार, आतून कडी असलेलं. डास बाहेर, हवा आत. पहाटे छतावरून श्वासाचं पाणी टपकायचं, तेही त्यामुळे थांबेल. चूल गाडीपासून लांब, सिलिंडर गाडीत नाही. थंडीला गोधड्या आहेत, एक जास्तीची घेतली आहे. गरम पाण्याची रबरी पिशवी मावशींनी स्वतःच आणून दिली.

चौकट कालच सुताराने आणून दिली. जाळी मारायची आहे, रंग द्यायचा आहे. दोन दिवस कडक ऊन मिळालं तर एकादशीच्या आत गाडी निर्मळला उभी राहील. जत्रेला आलात तर सुकेळी घ्यायला या, आणि टेम्पोचं दार आतून उघडून बघा.