गोळी, लंबक आणि दोन नियम

बंदुकीतून सुटलेल्या गोळीचा वेग मोजण्याची युक्ती इंग्रज गणिती बेंजामिन रॉबिन्स याने 1742 साली आपल्या तोफविद्येवरील ग्रंथात सांगितली. टांगलेल्या जड लंबकावर गोळी झाडावयाची आणि तो किती मागे झुलतो, ते पाहावयाचे. शाळेतील विद्यार्थी आजही हे गणित सोडवितात आणि पुष्कळजण एकाच ठिकाणी चुकतात.

10 ग्रॅम वस्तुमानाची गोळी सेकंदाला 400 मीटर वेगाने येऊन 3.99 किलोग्रॅमच्या टांगलेल्या ठोकळ्यात रुतली, असे समजावे. गोळीची गतिज ऊर्जा 800 ज्यूल भरते. ती सारी ठोकळा उचलण्याच्या कामी आली असे धरले, तर तो 20 मीटर, म्हणजे सहा मजली इमारतीइतका, उंच जावयास हवा! प्रत्यक्षात तो जेमतेम 5 सेंटिमीटर चढतो.

आघात इतका क्षणिक असतो की, बाहेरच्या बलाला तेवढ्यात काही करता येत नाही. म्हणून संवेग कायम राहतो. त्यावरून दोहोंचा मिळून वेग सेकंदाला 1 मीटर येतो आणि गतिज ऊर्जा अवघी 2 ज्यूल उरते. बाकीचे 798 ज्यूल लाकूड फाटण्यात व तापण्यात जातात. पुढे ठोकळा चढू लागला म्हणजे दोरीच्या ताणाने व गुरुत्वाकर्षणाने संवेग बदलतो. मात्र गतिज व स्थितिज ऊर्जेची बेरीज तीच राहते.

तेव्हा गणिताचे हे दोन टप्पे वेगळे करून, कोणत्या टप्प्यात काय टिकते हे विद्यार्थ्याने आधी ठरवावे आणि मगच सूत्राला हात घालावा.