प्लेअरबरोबर आलेली बांडगुळे कशी काढावीत?



आज पुष्कळ घरी मुलांच्या शिक्षणासाठी संगणक आला आहे. त्यावर आपण शेतीच्या चित्रफिती पाहतो, भाषणे ऐकतो. त्यासाठी प्लेअर लागतो. पण बरेच जण विचारतात, "साहेब, प्लेअर टाकला आणि तेव्हापासून पडद्यावर नुसत्या जाहिराती. असं का?"

आंब्यावरचे बांडगूळ आपल्या ओळखीचे आहे. पाखरू बी आणते, ते फांदीत मूळ घुसवते आणि झाडाच्या जिवावर वाढते. इथेही तसेच. व्हीएलसी हा प्लेअर घ्या. फ्रान्समधील व्हिडिओलॅन ही ना-नफा संस्था तो फुकट देते, त्यात जाहिरात नसते. मात्र तोच प्लेअर भलत्या संकेतस्थळावरून उतरवला, तर मधला माणूस त्याला आपली जोड लावून देऊ शकतो. कधी ब्राउझरच्या माथ्यावर पट्टी बसते, तर कधी शोधाचे पान बदलते. अशा जोडीमागे त्याला पैसे मिळतात.

यात नुकसान कोणाचे? आपले. बँकेचा व्यवहार आणि पीक विम्याचा अर्ज आपण त्याच ब्राउझरमध्ये करतो. शोधाचे पान दुसऱ्याच्या ताब्यात गेले, तर खऱ्या पानाऐवजी बनावट पान समोर येऊ शकते. तिथे पासवर्ड दिला की खाते गेलेच म्हणा.

बांडगुळाची नुसती पाने तोडून भागत नाही, ते पुन्हा फुटते. फांदी जोडाच्या खालून कापावी लागते. म्हणून पुढील कामे क्रमाने करावीत.

१) विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, ॲप्स, इन्स्टॉल्ड ॲप्स असे जावे. यादी तारखेप्रमाणे लावावी. प्लेअर टाकला त्याच दिवशी आलेली अनोळखी नावे शोधून अनइन्स्टॉल करावे. नाव कळत नाही आणि तारीखही वेगळी आहे, तर हात लावू नये. ते यंत्राच्या गरजेचे असू शकते.

२) प्लेअर भलत्या जागेवरून घेतला असेल, तर तोही काढावा.

३) क्रोम ब्राउझरमध्ये एक्स्टेन्शन्सची यादी उघडावी. आपण न मागितलेले असेल ते रिमूव्ह करावे.

४) शोधाचे पान तरीही बदललेलेच राहिले, तर क्रोमच्या सेटिंग्जमधील रिसेट सेटिंग्ज वापरावे. साठवलेल्या खुणा व पासवर्ड त्याने जात नाहीत.

५) संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा आणि विंडोज सिक्युरिटीमधून पूर्ण तपासणी करावी.

हे सगळे होईपर्यंत त्या संगणकावर बँकेचे काम करू नये. "तुमचा संगणक बिघडला, या नंबरवर फोन करा" अशी पाटी आली, तर फोन मुळीच करू नये बरं का!

आता पुढची काळजी. बियाण्याची पिशवी आपण सील आणि लेबल पाहून घेतो ना? तसाच प्लेअर मूळ संस्थेकडूनच घ्यावा. व्हीएलसीसाठी पत्ता आहे व्हिडिओलॅन डॉट ऑर्ग. टाकताना 'नेक्स्ट, नेक्स्ट' असे घाईने दाबू नये. प्रत्येक पान वाचावे, 'कस्टम' निवडावे आणि न मागितलेल्या वस्तूसमोरची खूण काढावी. इंग्रजी अडले, तर शाळेत जाणाऱ्या मुलीला किंवा मुलाला शेजारी बसवावे.

घाईत दाबलेले एक बटण नंतर तासभर निस्तरावे लागते, एवढे ध्यानात ठेवा.