विहिरीची पायरी

मंडळी, माघ सरत आला. परवा सकाळी आम्ही आमच्या दोन एकरांत फेरी मारली. ऊन छान पडले होते. बांधावरचा पळस लाल झाला होता. आंब्याच्या मोहोरावर मधमाश्या घोंगावत होत्या. अशा वेळी मोहोरावर औषध मारू नये बरं का, फळ त्यांच्यामुळे धरतं.

हरभऱ्याचे घाटे हलवून पाहिले. खुळखुळ वाजले. म्हणजे काढणी आली. हरभरा दंव आहे तोवरच उपटावा. उन्हात घाटे फुटतात.

मग विहिरीवर गेलो. तिथे मात्र तोंडचे पाणी पळाले! दिवाळीत पाणी चौथ्या पायरीला होते. परवा अकरावी पायरी उघडी पडली होती. कांदा अजून दीड महिना पाणी मागणार. शेजारी भुईमूग लावायचा बेत होता. बियाणेही आणले होते.

मागल्या साली आम्ही पायऱ्या मोजल्या नाहीत. भुईमूग गेला, कांदाही गेला. जन्मभर पोरांना मोजायला शिकवलं, आणि स्वतःची विहीर मोजली नाही!

बियाण्याचे पोते माळ्यावर ठेवले. अकराव्या पायरीवर कोळशाने तारीख लिहिली आहे. आठ दिवसांनी पुन्हा उतरून पाहू.