हात वर करण्याआधी
(कापूरहोळ येथील बैठकीतील भाषण)



संभाजीराजांना दूध पाजणाऱ्या धाराऊंचं हे गाव. दुसऱ्याचं लेकरू आपलं मानणारी माय इथली. आज गोष्ट सांगायची आहे ती गरिबाच्या तोंडचा घास काढणाऱ्यांची.

जळगाव हा कापसाचा मुलूख. तिथल्या नगरपालिकेनं 1990 नंतर झोपडपट्टीतल्या लोकांसाठी 11 हजारांवर घरकुलं बांधायचं ठरवलं. हुडकोचं कर्ज काढलं. ठेकेदाराला कोट्यवधींची उचल दिली, तीही बिनव्याजी. पुरी झाली ती सुमारे दीड हजार घरं. कर्ज मात्र शहराच्या डोक्यावर राहिलं.

आम्ही विचारतो, पेरणीला कर्ज काढलं तर तुम्हाला सोसायटी तशीच उचल देते का? आधी सातबारावर बोजा चढतो. विहीर खोदणाऱ्याला आपण परस मोजून पैसे देतो. मग सरकारी पैशाला मोजमाप का नको?

2006 साली तेव्हाचे आयुक्त प्रवीण गेडाम यांनी फिर्याद दिली. माजी मंत्री सुरेश जैन यांना अटक व्हायला 2012 उजाडलं. 31 ऑगस्ट 2019 रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयानं 48 जणांना दोषी धरलं. जैन यांना 7 वर्षं कैद आणि 100 कोटी रुपये दंड झाला. पुढं अपिलं झाली. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या 48 जणांत कितीतरी नगरसेवक होते. ठराव आला, हात वर केला, एवढ्यावर ते आरोपीच्या पिंजऱ्यात गेले.

आता आपल्या गावाकडं या. एका गावात आम्ही पाहिलं, फाटक्या छपरात राहणाऱ्या बाईचं नाव घरकुलाच्या यादीत तळाला आणि माडीवाल्याचं वर. ग्रामसभेचं रजिस्टर काढलं. त्यावर सह्या होत्या. एक सही तिच्याच नवऱ्याची! न वाचता केलेली.

भावांनो, चोरी तिजोरीपाशी होत नाही, यादीपाशी होते. पंतप्रधान आवास योजनेत सपाट भागातल्या घराला 1 लाख 20 हजार मिळतात, हप्त्यानं. त्या यादीवर ग्रामसभेचं शिक्कामोर्तब लागतं. म्हणजे कुलूप आपल्याच हातात आहे.

म्हणून घरकुलाचा ठराव असो की गायरानाचा, आधी मोठ्यानं वाचायला लावा. नावागणिक विचारा, याचं घर कोणी पाहिलं? नक्कल देत नसतील तर 2005 च्या माहिती अधिकाराखाली 10 रुपयांचा अर्ज टाका. एकट्यानं नव्हे, दहाजणांनी मिळून जा. मायबहिणींनी पुढं बसा, कारण गळकं छप्पर कोणाचं हे तुम्हालाच ठाऊक असतं.

आणि वाचून झाल्याशिवाय हात वर करू नका.