बालकाश्रमाला देणगी देण्यापूर्वी
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या भाषणात काहीतरी गोड बोलावे अशी अपेक्षा असते. चिटणीसबाईंनी मात्र मला विषय दिला आहे तो हिशेबाचा. बरीच वर्षे मंडळाची खजिनदार राहिल्याचे हे फळ, दुसरे काय!

विषय निघाला तो असा. यंदा दिवाळीच्या फराळविक्रीतून आणि शिवणवर्गाच्या कामातून जी रक्कम आपण बाजूला ठेवली आहे, ती एखाद्या बालकाश्रमास द्यावी असे कार्यकारिणीने ठरविले. दोन संस्थांची नावे पुढे आली. त्यांच्याकडे हिशेब मागावा अशी सूचना मी केली तेव्हा काही भगिनींना ती रुचली नाही. "दान या हाताचे त्या हाताला कळू नये म्हणतात, आणि आपण अनाथ मुलांचा घास मोजायला बसायचे का?" असे एका वडीलधाऱ्या भगिनीने विचारले. त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे, म्हणूनच त्यांना नीट उत्तर द्यावे असे वाटते.

आपल्या लोणच्याला खार कमी पडला तर गिऱ्हाईक बरणी घेऊन परत येते. पैसे त्याने दिलेले असतात आणि खाणाराही तोच असतो. बालकाश्रमात पैसे देणारे आपण आणि खाणारे मूल. वरण पातळ झाले, थंडीत पांघरूण पुरले नाही, तर ते मूल आपल्या दारी तक्रार घेऊन येत नाही. त्याच्या वतीने विचारणारे कोणी नसते. हिशेब मागणे म्हणजे संशय घेणे असे ज्यांना वाटते त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे. घास मोजायचा आहे तो मुलाच्या ताटात पडला की नाही हे पाहण्यासाठी.

आता प्रत्यक्ष कागदांकडे वळू. पहिला प्रश्न पैशाचा नव्हेच. मुले ठेवून घेणारी कोणतीही संस्था, सरकारी मदत घेवो वा न घेवो, बाल न्याय अधिनियम २०१५ खाली नोंदलेली असावी लागते. धर्मादाय आयुक्तांकडची न्यासाची नोंदणी वेगळी आणि ही वेगळी. पुष्कळ ठिकाणी पहिलेच प्रमाणपत्र चौकटीत घालून भिंतीवर लावलेले असते आणि पाहणाऱ्याचे समाधान होते. दुसरे मागावे, आणि त्याची मुदत पाहावी. ते पाच वर्षांचे असते. नोंदणीवाचून मुले ठेवणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा कायद्यात आहे. तरीही नोंदणीचे काम इतके मागे पडले होते की ५ मे २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाला, त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत सर्व संस्थांची नोंदणी पुरी करा, असे सांगावे लागले. त्या प्रमाणपत्रावर किती मुलांची परवानगी आहे तो आकडा टिपून ठेवावा. आणि प्रत्येक मुलासाठी बाल कल्याण समितीचा आदेश आहे ना, हेही विचारावे. कोणी दारात आणून सोडले आणि ठेवून घेतले, असा कारभार चालत नाही.

मग हिशेब. आपल्या राज्यात सार्वजनिक न्यासांचा कायदा १९५० सालचा आहे. त्याच्या नियमांनी ताळेबंदाचा आणि उत्पन्न-खर्चाच्या पत्रकाचा नमुनाच ठरवून दिलेला आहे, आठवी आणि नववी अनुसूची. ३१ मार्चला वर्ष संपते, पुढच्या सहा महिन्यांत हिशेबतपासनिसाचा अहवाल व्हावा लागतो. रंगीत छायाचित्रांची पुस्तिका संस्था आपण होऊन देते. आपण मागायची ती ही दोन साधी पत्रके आणि त्यांना जोडलेला अहवाल, आणि तीही लागोपाठ तीन वर्षांची. एका वर्षाच्या पत्रकावरून काही कळत नाही; तीन शेजारी-शेजारी ठेवली म्हणजे ती बोलू लागतात.

ताळेबंदाला भिऊ नये. एका बाजूला पैसा कुणाचा आणि दुसऱ्या बाजूला तो कोठे आहे, एवढेच त्यात असते. दुसऱ्या बाजूला अगदी खाली रोख शिल्लक असते, आणि नमुन्यात तिचे पोटभाग पाडलेले आहेत: बँकेत किती, विश्वस्तांजवळ किती, व्यवस्थापकाजवळ किती. मी सर्वांत आधी बोट ठेवते ते येथे. वर्षअखेरीस विश्वस्तांच्या हाती मोठी रोकड दिसली, आणि तीच पुढच्या वर्षीही दिसली, तर ती का, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. तिच्याच वर 'आगाऊ रकमा' हे सदर असते: विश्वस्तांना, नोकरांना, कंत्राटदारांना, वकिलांना. कंत्राटदाराला दिलेली आगाऊ रक्कम तीन वर्षे जशीच्या तशी उभी असेल, तर ते बांधकाम कोठवर आले ते पाहून यावे. पहिल्या बाजूला विश्वस्तांकडून घेतलेले कर्ज असते. कित्येक प्रामाणिक माणसे पदरचे पैसे घालून संस्था चालवितात, तेव्हा कर्ज दिसले म्हणजे काही काळेबेरे आहे असे नव्हे. पण त्यावर व्याज जाते का, आणि किती, एवढे कळले पाहिजे.

हिशेबतपासनिसाचा अहवाल कोणी वाचतच नाही. वास्तविक गृहिणीला उमजेल असा कागद तोच. त्याला काही ठरीव प्रश्नांची उत्तरे द्यावीच लागतात. रोकड आणि पावत्या हिशेबाशी जुळल्या का? पैसा न्यासाच्या उद्देशाबाहेर वापरला का? पाच हजार रुपयांवरच्या दुरुस्ती-बांधकामाला निविदा मागविल्या का? एक वर्षाहून जुनी येणी किती, आणि सोडून दिलेली किती? सभा नियमाने होतात का, इतिवृत्त लिहिले जाते का? कोणी विश्वस्त न्यासाचा ऋणको वा धनको आहे का? उत्तरे बहुधा 'होय', 'नाही', 'लागू नाही' अशी एकेका शब्दाची असतात. जेथे एका शब्दाऐवजी दोन वाक्ये लिहिलेली दिसतील, तेथे थांबून वाचावे.

आता खर्चाची बाजू, आणि येथे तुम्ही माझ्यापेक्षा जाणत्या आहात. समजा, आश्रमात ४० मुले आहेत आणि वर्षाचा भोजनखर्च १४ लाख ४० हजार दाखविला आहे. मुलामागे वर्षाला ३६ हजार, महिन्याला ३ हजार, दिवसाला शंभराच्या आसपास. दोन जेवणे, न्याहारी, दूध. हे बसते की नाही हे सांगायला सनदी लेखापाल नको. महिन्याचा किराणा भरणारी कोणतीही बाई सांगेल. फार कमी निघाले तर मुले काय खातात ते पाहावे. फार जास्त निघाले तर धान्य कोणत्या दुकानातून येते ते विचारावे. अन्न दान म्हणून आले असेल तर रोख खर्च कमी असणारच, पण मग साठ्याची नोंदवही पाहावी. तांदळाची पोती, चादरी, वह्या यांची आवक-जावक रुपयांच्या हिशेबात नेहमीच दिसते असे नाही, आणि गळती बहुधा तेथेच होते.

वाढदिवसाच्या जेवणाचेही असेच. मुलाच्या वाढदिवशी किंवा वडिलांच्या श्राद्धाला आश्रमात जेवण घालण्याची रीत आता सगळीकडे आहे, आणि ती चांगलीच आहे. पण एका तारखेला एकाच दात्याचे जेवण घेतात की चौघांचे? चौघांचे घेत असतील तर ते तसे सांगतात का? उरलेला पैसा भोजननिधीत जमा होतो असे पावतीवर छापले असले की झाले. तेवढाही खुलासा नसेल तर मला ते पसंत नाही.

एका गोष्टीवर मात्र मी भगिनींशी थोडे भांडणार आहे. "आमचा सगळा पैसा मुलांनाच जाऊ दे, व्यवस्थापनाला एक पैसाही नको," असे आपण फार सहज म्हणतो. नवव्या अनुसूचीत 'आस्थापना खर्च' वेगळा आणि 'न्यासाच्या उद्देशावरील खर्च' वेगळा असतो, आणि आस्थापना कमी ती संस्था चांगली असा समज झाला आहे. अहो, रात्री दोन वाजता तापलेल्या मुलाच्या उशाशी जी बाई बसते तिचा पगार कोणत्या सदरात घालायचा? एक संस्था तो आस्थापनेत घालते, दुसरी उद्देशात, आणि टक्केवारी तेवढ्याने पालटते. परदेशी देणग्यांतून करावयाच्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा सरकारने २०२० साली ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. उधळपट्टीला आळा बसावा हा हेतू. पण ४० मुलांमागे एकच दमलेली दाई ठेवून टक्केवारी सुरेख दाखविणारी संस्था मला नको. टक्का पाहण्याआधी किती मुलांमागे किती माणसे, रात्रपाळीला कोण, आणि नोकरवर्ग दर वर्षी बदलतो की टिकतो, हे विचारावे. विश्वस्तांचे मानधन हे सदर वेगळे असते, ते मात्र अवश्य पाहावे.

याची दुसरी बाजूही खरी आहे. अमेरिकेत किड्स विश नेटवर्क नावाची एक संस्था आजारी मुलांच्या इच्छा पुरविण्यासाठी पैसे गोळा करीत असे. तिचे नाव एका जुन्या नामांकित संस्थेच्या नावाशी मिळतेजुळते होते. २०१३ साली तेथील पत्रकारांनी हिशेब तपासले, तेव्हा डॉलरमागे तीन सेंटसुद्धा मुलांना प्रत्यक्ष पोहोचत नव्हते असे आढळले; दहा वर्षांत सुमारे ११ कोटी डॉलर वर्गणी गोळा करणाऱ्या व्यापारी कंपन्यांकडे गेले होते. हे आकडे संस्थेने सरकारात भरलेल्या कागदांतलेच होते, कोणी ते उघडून पाहिले नव्हते इतकेच. आपल्याकडे चौकात वा रेल्वेस्थानकावर फाइल घेऊन उभी असलेली तरुण मुले पाहिली की मी विचारते: बाळा, तू संस्थेचा की कंपनीचा? तुला शेकडा किती मिळतात? मुले बिचारी गोंधळतात, पण काही जण खरे सांगतात.

लंडनची हकिकत वेगळी आणि मला अधिक चटका लावणारी. किड्स कंपनी ही संस्था १९९६ साली निघाली. घरात हाल होणाऱ्या मुलांना जेवण, माया, आसरा देई. मोठमोठे लोक पाठीशी होते. सरकारी तिजोरीतून आणि इतर सार्वजनिक निधीतून तिला एकंदर किमान ४ कोटी ६० लाख पौंड मिळाले. हिशेब दर वर्षी तपासलेले असत. आणि ५ ऑगस्ट २०१५ रोजी, सरकारचे आणखी ३० लाख पौंड मिळाल्यावर थोड्याच दिवसांत, ती बंद पडली. कोणी पैसा खाल्ल्याचे निष्पन्न झाले नाही; २०२१ साली उच्च न्यायालयाने संस्थापिका आणि विश्वस्त यांच्यावर बंदी घालण्यास नकारच दिला. २०२२ साली धर्मादाय आयोगाच्या अहवालात गैरव्यवस्था झाल्याचे म्हटले, ती देणी वेळेवर न देण्याबद्दल. राखीव गंगाजळी जवळजवळ नव्हतीच. येईल तेवढे खर्च होई, आणि एक झटका बसताच दार लागले. त्या दाराशी रोज येणाऱ्या मुलांनी दुसऱ्या दिवशी कोठे जायचे? म्हणून ताळेबंदात राखीव निधी दिसला की "एवढे पैसे बँकेत असून मागतात कशाला?" असे म्हणू नका. देणग्या थांबल्या तर किती महिने चूल पेटेल, हा हिशेब करा. सहा महिने पेटेल एवढे असेल तर मला बरे वाटते. दहा वर्षे पेटेल एवढे असेल, तर आपली लहानशी रक्कम दुसऱ्या गरजू संस्थेला द्यावी.

आता आपल्याविषयी दोन गोष्टी. देणगी द्यायची ती संस्थेच्या नावाच्या खात्यावर, धनादेशाने वा ऑनलाइन. भिंतीवरच्या क्यूआर कोडवर पैसे पाठविताना कुणा व्यक्तीचे नाव येत असेल तर हात आवरावा. २०१७-१८ पासून दोन हजारांवरच्या रोख देणगीला आयकरात सवलत नाही. आणि २०२१-२२ पासून संस्थेने देणगीदारांची यादी आयकर खात्याकडे भरून प्रत्येकाला प्रमाणपत्र द्यायचे असते. ते आले नाही तर पत्र लिहावे.

दुसरे असे की, मुलांसोबत छायाचित्र काढून ते पुढच्या स्मरणिकेत छापावे अशी सूचना आली आहे. ते करता येणार नाही. बाल न्याय अधिनियमाच्या ७४व्या कलमाने अशा मुलांची ओळख पटेल असे काहीही छापण्यास बंदी आहे. जी संस्था आपल्या पुस्तिकेत मुलांचे चेहरे, नावे आणि त्यांच्या आईबापांची दुःखे छापून मदत मागते, तिच्याविषयी माझे मत, हिशेब कितीही चोख असला तरी, उतरते. भेटीला गेल्यावर मुलांना रांगेत उभे करून गाणे म्हणायला लावतील. आपणच नको म्हणावे. स्वयंपाकघर, संडास आणि झोपण्याची खोली पाहू द्या म्हणावे.

ज्या दोन संस्थांना आपण लिहिले होते त्यांपैकी एकीने आठ दिवसांत तीन वर्षांची पत्रके पाठविली. छायाप्रती पुसट आहेत, पण पूर्ण आहेत. दुसरीकडून एक सुंदर पुस्तिका आली आणि सोबत, "आमच्यावर अनेक मान्यवरांचा विश्वास आहे," असे पत्र. तिला दुसऱ्यांदा लिहिले आहे. नोंदणी क्रमांकावरून धर्मादाय कार्यालयात दाखल झालेल्या हिशेबाची नक्कलही मागता येते. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास तसा अर्ज करू.

पहिल्या संस्थेची पत्रके चहाच्या टेबलाशेजारी ठेवली आहेत. कार्यक्रम संपल्यावर ज्यांना वेळ असेल त्यांनी पाहावीत, चष्मा लागेल. दुसऱ्या पानावर कंत्राटदाराच्या आगाऊ रकमेवर मी पेन्सिलीने खूण केली आहे. ती दोन वर्षे हललेली नाही. त्याबद्दल विचारणा केली आहे. येत्या महिन्यात आपल्यापैकी तिघीजणी तेथे जाऊन येतील, आणि उत्तर काय आले ते मासिक सभेत वाचून दाखविले जाईल.