मालिश शिकायची म्हणजे काय?



मालिश म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे कोण येते? कुणाला दिवाळीच्या पहाटे पाटावर बसवून तेल-उटणे लावणारी आई आठवेल. कुणाला बाळंतिणीच्या घरी सकाळी तेलाची वाटी घेऊन बसणारी बाई आठवेल, तर कुणाला हजामतीनंतर दोन मिनिटे डोके चेपून देणारा आपला नाभिक. मालिश आपल्या घराघरांत आहे. त्यामुळेच की काय, ती शिकावी लागते असे कोणाला वाटतच नाही. हात आहेत, तेल आहे, मग शिकायचे ते काय?

मलाही एके काळी असेच वाटत होते. ते चूक आहे हे मला पुस्तकाने शिकवले नाही. माझ्याच हातून एक चूक घडली, तिने शिकवले. म्हणून आधी ती हकीकत सांगतो.

माझे लहानपण कोल्हापूरजवळच्या एका खेड्यात गेले. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात, १९१२ साली, कोल्हापुरात खासबागेचे कुस्ती-मैदान उभे राहिले. त्या मैदानात एकदा तरी उतरायचे, हे आमच्या भागातल्या प्रत्येक पोराचे स्वप्न. मीही तालमीत गेलो. कुस्तीत माझी फारशी डाळ शिजली नाही. पण मेहनत झाल्यावर पैलवानांचे अंग रगडायला मला बसवू लागले आणि त्यात माझा हात बसला. वस्ताद म्हणायचे, "तुझ्या हाताला गुण हाय रं पोरा." झाले! गावात बातमी पसरली. कुणाची पाठ धरली, कुणाची मान अवघडली, की मला बोलावणे येई. मला त्याचा अभिमान वाटे.

१९७४ सालची गोष्ट. मी एकोणीस वर्षांचा होतो. आमच्या शेजारच्या काकूंचे पोटाचे ऑपरेशन झाले होते आणि त्या बरेच दिवस अंथरुणाला खिळून होत्या. एका संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली. डाव्या पायाची पोटरी सुजून ठणकत होती. उजवी अगदी नेहमीसारखी होती. मी तेल कोमट केले आणि अर्धा तास ती पोटरी चांगली रगडली. काकू म्हणाल्या, "बाळा, बरं वाटलं हो." मी खुशीत घरी गेलो.

रात्री त्यांच्या घरून आरडाओरडा ऐकू आला. काकूंना श्वास घेता येत नव्हता आणि छातीत कळा येत होत्या. बैलगाडी, मग टेंपो, असे करत त्यांना शहरातल्या रुग्णालयात नेले. डॉक्टरांनी पाय पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, "हा पाय कुणी चोळला का?" मी मागे उभा होतो. मान खाली घातली.

श्रोतेहो, तेव्हा मला प्रथम कळले की बरेच दिवस अंथरुणात पडून राहिलेल्या माणसाच्या पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. एकाच पायाची पोटरी सुजते, दुखते, गरम लागते. तिला रगडले तर गुठळी सुटून रक्ताबरोबर फुप्फुसात जाऊन अडकण्याचा धोका असतो. ती न रगडताही सुटू शकते, हे खरे. पण मी तो धोका माझ्या हाताने वाढवला होता. काकू वाचल्या. पुढे पुष्कळ वर्षे जगल्या आणि त्यांनी मला कधी बोल लावला नाही. मी मात्र तालमीत जाऊन वस्तादांपुढे रडलो.

ते म्हणाले, "लेका, मी तुला जवान गड्यांचं अंग रगडायला शिकवलं. आजारी माणसाचं अंग मला तरी कुठं ठावं हाय? ज्याला ठावं आसंल त्याच्याकडं जा आन् शीक."

आपल्याला काय येत नाही हे शिष्यापुढे कबूल करणारा असा गुरू मला लाभला, हे माझे भाग्य.

पुढे मी मुंबईत एका रुग्णालयाच्या व्यायामोपचार विभागात मदतनीस म्हणून लागलो. तिथे मालिश शिकवणारे सर अंध होते. पहिल्याच दिवशी त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले, नखांवरून बोट फिरवले आणि म्हणाले, "नखे काप. अंगठी काढ. आणि तीन महिने रोग्याला हात लावायचा नाही."

तीन महिने मी काय केले? हाडे शिकलो. सर म्हणत, डोळे मीट आणि स्वतःच्या खांद्याचे हाड शोध. मनगटाची आठ लहान हाडे मोज. गुडघ्याची वाटी कुठून कुठे सरकते ते बोटाला कळू दे. मग स्नायू आले. कोणता स्नायू कुठे सुरू होतो, कुठे संपतो आणि तो आखडला म्हणजे दुखणे कुठे उमटते, हे सारे पाठ करावे लागले. मग शिरा आल्या. हातापायांच्या शिरांत हृदयाकडे उघडणाऱ्या झडपा असतात. म्हणून लांब आणि जोराचा हात पायाकडून वर, हृदयाच्या दिशेने न्यायचा. तालमीत मी हे करीत होतो. पण का, ते मला ठाऊक नव्हते.

त्यानंतर हाताचे प्रकार. तळहात लांबवर फिरवणे, कणीक तिंबावी तसे स्नायू उचलून मळणे, बोटाच्या टोकाने एकाच जागी घासणे, थोपटणे आणि हाताने कंप देणे. सारी मालिश या पाचांत आली. पण ती नुसत्या अंगठ्याच्या जोरावर करू लागलात, तर थोड्याच वर्षांत तुमचाच अंगठा निकामी होतो. पाय किंचित फाकून उभे राहावे, गुडघे सैल ठेवावे आणि आपल्या शरीराचा भार हातावर हळूहळू सोडावा. शेतात नांगर धरणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. तोही मनगटाने नांगर दाबत नाही, अंगाचा भार टाकतो.

आणि मग आला सर्वांत मोठा धडा, हात केव्हा लावायचा नाही याचा. ताप असेल तर नाही. ताजी सूज, ताजा मार, मोडल्याची शंका असेल तर नाही. उघडी जखम, पुरळ, पिकलेली जागा असेल तिथे नाही. एकच पाय सुजून गरम झाला असेल, तर मुळीच नाही. त्याला तडक डॉक्टरकडे पाठवायचे. गरोदर बाई, हृदयाचा रोगी, रक्त पातळ होण्याची औषधे घेणारा, कर्करोगावर उपचार चाललेला रोगी, यांना डॉक्टरला विचारल्यावाचून नाही. सर म्हणत, "दोन्ही पाय शेजारी ठेवून बघ. हाताच्या पाठीने ऊब बघ. विचार. मग ठरव." ही तपासणी दोन मिनिटांची असते. काकूंच्या घरी मी ती दोन मिनिटे खर्च केली नव्हती.

तुम्ही म्हणाल, ही सारी पाश्चात्त्यांची शिकवण. तसे नाही. आपल्या आयुर्वेदात वाग्भटाचार्यांनी अष्टांगहृदयात रोज अभ्यंग करावा असे सांगितले आहे. डोके, कान आणि तळपाय यांना तर विशेषच. पण तिथेच त्यांनी कुणी अभ्यंग करू नये हेही सांगून ठेवले आहे. कफाने ग्रासलेला, नुकतीच शोधनचिकित्सा झालेला आणि अजीर्ण झालेला, अशा माणसाला त्यांनी वगळले आहे. तेलाबरोबर आवर कुठे घालायचा हे सांगणारी ही आपलीच परंपरा. आपण तेल तेवढे ठेवले.

आमच्या सरांना एक गोष्ट सांगायला फार आवडे. जपानात सतराव्या शतकात सुगियामा वाइची नावाचे एक अंध वैद्य होऊन गेले. सुई टोचून उपचार करण्यात ते निष्णात होते. शोगुनच्या, म्हणजे तिथल्या राज्यकर्त्याच्या, आश्रयाने त्यांनी अंधांना सुईचे उपचार आणि मालिश शिकवणाऱ्या शाळा काढल्या. तिथल्या अंधशाळांतून आजही मालिशचे शिक्षण दिले जाते. १९४७ सालच्या कायद्याने तिथे हा परवान्याचा व्यवसाय झाला. शरीररचना, शरीराचे व्यापार, रोगांची ओळख, स्वच्छता असे विषय तीन वर्षे शिकून राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते, मग ती व्यक्ती अंध असो वा डोळस. पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांसाठी १९१५ साली लंडनमध्ये सेंट डन्स्टन्स ही संस्था निघाली. तिथेही मालिश हा शिकवण्याचा एक व्यवसाय होता. सर म्हणायचे, "आंधळ्याचे हात डोळसापेक्षा जन्मतः चांगले असतात, असे समजू नका. आम्हांला शिकवले, म्हणून आम्ही शिकलो."

आता या धंद्याच्या अब्रूविषयी थोडे. पुष्कळ घरांतून, विशेषतः मुलींना, हे काम शिकू देत नाहीत. लोक काय म्हणतील ही भीती असते. १८९४ साली लंडनमध्येही हेच झाले होते. मालिशच्या नावाखाली भलतेच प्रकार चालतात, अशी ओरड वर्तमानपत्रांतून झाली आणि प्रामाणिकपणे काम करणाऱ्या बायकांवरही चिखल उडाला. तेव्हा चार परिचारिका पुढे आल्या. त्यांनी शिकलेल्या मालिशकार स्त्रियांची संस्था काढली, परीक्षा ठेवली आणि कडक नियम केले. डॉक्टरच्या सांगण्यावाचून उपचार करायचा नाही, हा त्यांतला मुख्य नियम. त्या संस्थेला १९२० साली राजाची सनद मिळाली. आज ब्रिटनमधील फिजिओथेरपिस्टांची जी मोठी संस्था आहे, ती याच चौघींच्या रोपट्याचा वृक्ष. त्यांनी धंदा सोडून अब्रू राखली नाही, शिक्षणाने राखली. आपणही तेच करावे. जेवढ्या भागावर काम, तेवढाच भाग उघडा ठेवावा, बाकी अंग चादरीने झाकावे. हात लावण्यापूर्वी विचारावे. दुखले तर "थांबा" म्हणायचा हक्क समोरच्याला आहे, हे त्याला आधीच सांगावे. आणि कुणी गैर वागू लागले तर काम तिथेच सोडून उठून यावे. हा हक्क मालिश करणाराचाही आहे.

शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्याकडे विद्यार्थी विचारायला येतील, म्हणून हे मुद्दाम तुमच्यासाठी. ज्याला पूर्ण उपचारक व्हायचे आहे त्याने बारावी शास्त्र शाखेनंतर फिजिओथेरपीची पदवी घ्यावी. तो चार वर्षांहून अधिक काळाचा अभ्यास आहे. ज्याला आयुर्वेदाकडे ओढ आहे त्याला पंचकर्म-साहाय्यकाचे अभ्यासक्रम आहेत. २०२१ साली आपल्या देशात फिजिओथेरपीसह अनेक आरोग्य-व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. परंतु नुसती मालिश करणाऱ्यासाठी देशभर एकच अशी परीक्षा नाही. म्हणून वर्ग निवडताना चार प्रश्न विचारावेत. शरीररचना कोण शिकवते? शिकवणाराच्या नजरेखाली किती तास हात चालवायला मिळतो? मालिश केव्हा करू नये, याची परीक्षा घेता का? आणि दाखला देणारी संस्था कुणाच्या मान्यतेने तो देते? आठ दिवसांत दाखला हातात देणारा वर्ग असेल, तर मुलाचे पैसे वाचवा. गावात अंध मुलगा किंवा मुलगी असेल, तर हा व्यवसायही त्यांच्यापुढे ठेवा. दयेपोटी नव्हे, त्यांना तो नीट येऊ शकतो म्हणून.

आणि बाळबाळंतिणीचे करणाऱ्या माझ्या मायबहिणींना एक विनंती. तुमचे हात मी आदराने पाहिले आहेत. बाळ कसे धरावे हे तुमच्याकडून शिकावे. पण बाळाच्या नाकात आणि कानात तेल घालू नका. नाकातले तेल श्वासाबरोबर फुप्फुसात उतरते आणि बाळ दगावू शकते. तान्ह्या बाळाची छाती पिळून दूध काढू नका. ती सूज आपोआप ओसरते. पिळल्याने तिथे पू होऊ शकतो. बाकी तुमचा मऊ हात, कोमट तेल आणि कोवळे ऊन बाळाला जरूर द्या. आणि बाळंतिणीचा एकच पाय सुजला, दुखू लागला, तर तेलाची वाटी बाजूला ठेवा आणि तिला आधी दवाखान्यात न्या. बाळंतपणानंतरही तशी गुठळी होते.

पुढे मी स्वतः काही वर्षे मुलामुलींना मालिश शिकवली. पहिल्या दिवशी मी त्यांना नखे कापायला सांगत असे आणि काकूंची गोष्ट सांगत असे. सांगताना दर वेळी लाज वाटे, पण ती मी कधी वगळली नाही. एकदा एक विद्यार्थिनी सुट्टीत गावी गेली होती. परत आल्यावर ती म्हणाली, "सर, आमच्या आत्याचा पाय सुजला होता. मी चोळला नाही. दवाखान्यात नेलं." तिच्या वहीत मी त्या दिवशी पैकीच्या पैकी गुण लिहिले.