खिडकीची तक्रार, दाराचं दुखणं



घराच्या मांडणीवर व्याख्यान म्हटलं की पुढच्या दोन रांगांत वास्तुशास्त्राची चुळबुळ सुरू होते. म्हणून आधीच सांगून टाकतो, पूर्व-पश्चिम हे शब्द मी आज ऊन आणि वारा कुठून येतो एवढ्यापुरतेच वापरणार आहे.

आमच्याकडे लोक येतात ते बहुधा खिडकीची तक्रार घेऊन. खिडकी भलत्याच जागी आहे, खिडकी असून वारा नाही, दिवसाढवळ्या दिवा लावावा लागतो. उपायही सोबतच आणलेला असतो: खिडकी मोठी करू या. प्रत्यक्ष घर बघावं तर पुष्कळदा खिडकी बिचारी जागच्या जागी ठीक असते. नको तिथे असतं ते दार. तेव्हा खिडकीसाठी भिंत फोडण्याआधी दारांकडे एकदा नीट बघा, असं माझं म्हणणं आहे.

कोथरूडमधल्या एका जुन्या सोसायटीतला हॉल डोळ्यांसमोर आणा. दहा फूट रुंद, सोळा फूट लांब. पश्चिमेच्या आखूड भिंतीत चार बाय चारची खिडकी. समोर पूर्वेच्या भिंतीत स्वयंपाकघराचं दार. घरात शिरायचं दार उत्तरेच्या भिंतीत, पूर्वेकडच्या टोकाला. आणि दक्षिणेच्या लांब भिंतीत, बरोबर मधोमध, बेडरूमचं दार. त्या दारामुळे भिंतीचे साडेसहा-साडेसहा फुटांचे दोन तुकडे झाले. तीन माणसांचा सोफा तिथे धड बसेना, म्हणून तो गेला खिडकीखाली. टीव्ही आला समोर, पूर्वेच्या भिंतीवर. दुपारनंतर पडद्यावर मालिका कमी आणि खिडकीच जास्त दिसायची. पाऊस आला की सोफ्यावर गुडघे टेकून, ग्रिलमधून हात घालून झडपा ओढायच्या. घरातल्या आजोबांनी तर त्या कायमच्या बंदच करून टाकल्या होत्या. मग वारा कुठून येणार?

उत्तरेच्या भिंतीत दुसरी खिडकी पाडा, असं घरच्यांचं म्हणणं होतं. आम्ही बेडरूमचं दार पूर्वेच्या टोकाला सरकवलं. भिंत साडेचार इंची विटांची, नुसत्या आडोशाची, म्हणून ते जमलं. जुनी मोकळी जागा बुजवली, आत बेडरूमच्या बाजूने तिथे कपाट उभं राहिलं. दक्षिणेला सलग तेरा फूट भिंत मिळाली. सोफा तिथे, टीव्ही समोर उत्तरेला, खिडकी दोघांच्याही कुशीला. येणंजाणं सगळं पूर्वेच्या टोकाला एकवटलं, टीव्हीसमोरून कोणी जाईना. खिडकीला हातही लावला नाही, पण तिच्या झडपा परत उघडू लागल्या.

वाऱ्याच्या बाबतीत तर दाराचा हात आणखी मोठा. वारा खोलीत शिरायचा तर त्याला बाहेर पडायला वाट लागते. एकच खिडकी आणि दार बंद, मग खिडकी केवढीही असो, पडदा हलत नाही. जुन्या इमारतींत दारांवर व्हेंटिलेटरची झडप असायची. दार लोटलं तरी वरून हवा खेळायची. नव्या फ्लॅटमध्ये दारं गुळगुळीत झाली आणि ती झडप गेली. खिडकीशी उदबत्ती धरा आणि दार एकदा उघडून, एकदा लावून धूर कुठे जातो ते पाहा. त्यात सरकत्या खिडक्या आल्या. दोन ट्रॅकची खिडकी अर्धीच उघडते, म्हणजे सोळा चौरस फुटांची घेतलीत तरी वाऱ्याच्या वाट्याला जेमतेम आठ.

आता उजेड. इथे लोक पैसे हमखास चुकीच्या ठिकाणी घालतात. खिडकीचा वरचा काठ जमिनीपासून जितका उंच, त्याच्या साधारण दुप्पट-अडीचपट आत चांगला उजेड पोचतो. आपल्याकडे लिंटेल सात फुटांवर, म्हणजे चौदा ते सतरा फूट. खिडकी खाली जमिनीपर्यंत वाढवलीत, तर खिडकीलगतची फरशी चकचकते, खोलीचं टोक होतं तेवढंच अंधारं राहतं. आणि ज्या उंचीवरून उजेड आत जायचा, तिथेच आपण जाड पडद्याची झालर लोंबकळत ठेवतो! पडद्याची दांडी चौकटीच्या वर, भिंतीवर दोन्ही बाजूंना फूटभर जास्त घ्या. पडदा उघडल्यावर काच पूर्ण मोकळी राहिली पाहिजे. एकाच भिंतीत दोन कमीजास्त मापांच्या खिडक्या असतील तर त्याही याच एका दांडीखाली झाकल्या जातात. बेडरूमच्या टोकाला अंधार असेल तर दाराच्या वर, छतालगत काचेची पट्टी बसवून हॉलचा उजेड आत घेता येतो.

पश्चिमेच्या खिडकीचं दुखणं मात्र खरं आहे. दक्षिणेचं ऊन सोपं. पुण्यात मेच्या मध्यावर भरदुपारी सूर्य डोक्यावर असतो, साधा छज्जा ते अडवतो. संध्याकाळी पाचचं ऊन तिरपं येतं, छज्ज्याच्या खालून थेट पलंगावर. त्याला आतला पडदा पुरत नाही, कारण ऊन काचेतून आत आलेलंच असतं. बांबूची चिक लावायची ती काचेच्या बाहेर. मुंबईत हा पेच आणखी अवघड. समुद्र, वारा, देखावा सगळं पश्चिमेला, आणि दुपारचं ऊन नि पावसाचा मारा हेही त्याच बाजूचं. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांनी कंबाला हिलवरच्या १९८३ साली पूर्ण झालेल्या कांचनजंगा इमारतीत कोपऱ्यांवर दोन मजले उंचीच्या गच्च्या दिल्या, खोल्या त्यांच्या आड ठेवल्या. जुन्या बंगल्यांचा व्हरांडाच त्यांनी आकाशात नेला म्हणा ना. आणि आपण काय करतो? बाल्कनी हॉलमध्ये घेतो, वर्षभरात एसी बसवतो.

शेवटी तोडफोडीबद्दल. कॉलम, बीम यांना हात लावायचा नाही. जुन्या भारवाहू बांधकामात भिंतीवरच वरचा मजला उभा असतो. नव्या मिवान पद्धतीच्या इमारतींत भिंती काँक्रीटच्या, तिथे दार सरकवणं विसरा. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय आणि सोसायटीला कळवल्याशिवाय गवंडी बोलावू नका. तोवर फरशीवर खडूने सोफा, कपाट आणि दाराच्या उघडण्याची कमान आखून चार दिवस त्या रेघा सांभाळत वावरा. काही घरांत एवढ्यानेच कळतं, की दार हलवायला नको, नुसतं दुसऱ्या बाजूला उघडलं तरी पुरे. फळी सागवानी असेल तर टाकू नका. सुतार बिजागऱ्या उलट्या बाजूला घेऊन तीच पुन्हा बसवतो. जुन्या खाचांत लाकडी पट्टी बसवून घ्यावी लागते आणि कडीकोयंडा तेवढा नवा.